नेड फ्लँडर्सचं प्रेझलँड

श्रोतेहो, नमस्कार.

'द सिम्पसन्स' ही अमेरिकन कार्टून मालिका तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. त्यातला होमरचा देवभोळा शेजारी, मिशाळ नेड फ्लँडर्स, ६ मे २००१ रोजी दाखवलेल्या भागात चक्क ख्रिस्ती थीम पार्क उभारतो. नाव प्रेझलँड.

नेडची बायको मॉड आदल्या वर्षी गेलेली. शर्यतीच्या मैदानात प्रेक्षकांवर टी-शर्ट उडवत होते, होमर नेमका खाली वाकला, टी-शर्ट मॉडवर आदळले आणि ती स्टँडवरून कोसळली. पडद्यामागचं कारण मात्र अगदीच रुक्ष. तिला आवाज देणाऱ्या मॅगी रॉसवेल यांचं मानधनावरून मालिका दाखवणाऱ्या फॉक्स वाहिनीशी बिनसलं होतं! तर, मॉडच्या चित्रवहीत नेडला या पार्कचा आराखडा सापडतो आणि तो कामाला लागतो.

उद्घाटनाला झुंबड उडते. बायबलमधल्या दावीद राजाच्या 'थरारक' पाळण्यात माणसं जीव मुठीत धरून बसतात, तर यांत्रिक दावीद बायबलातली स्तोत्रं वाचायला घेतो. थोडीथोडकी नव्हेत, सगळी १५०! सैतानाला बडवायच्या खेळात हातोडाच नाही, श्रद्धेनं बडवायचं. लोक जांभया देत बाहेरची वाट धरतात. मला तर नेडची दया येते. बिचारा कुणाला फसवत नाही, हीच त्याची अडचण.

खऱ्या अमेरिकेत उलटं घडलं होतं. टीव्हीवरचे धर्मोपदेशक जिम बेकर यांच्या साउथ कॅरोलिनातल्या 'हेरिटेज यूएसए'त वॉटर पार्कसुद्धा होता आणि गर्दी लाखोंची. १९८९मध्ये भाविकांच्या पैशांची अफरातफर सिद्ध होऊन बेकर यांना ४५ वर्षांची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली.

इकडे प्रेझलँडला तारतो तो मॉडचा पुतळा. त्याच्यापुढे गुडघे टेकले की माणूस थरथरतो आणि ज्याला-त्याला आपापला स्वर्ग दिसतो. मग काय, रांगाच रांगा! करामत असते गळणाऱ्या गॅसची. नेडला हे कळतं, मन खातं. पण होमर म्हणतो, लोक खूश आहेत ना, चालू दे. आणि नेड ऐकतो. भागातली सगळ्यात बोचरी जागा मला हीच वाटते.

एवढ्यात दोन अनाथ मुलं पुतळ्यापाशी मेणबत्ती पेटवू पाहतात. नेड आणि होमर जिवाच्या आकांतानं त्यांच्यावर झेप घेतात. गॅसचं गुपित गर्दीला कुठे ठाऊक? तिला दिसतात पोरक्या पोरांना लोळवणारे दोन दांडगे पुरुष, आणि पार्क रिकामा होतो.