टॅरास्कला मारायचं कशाला?

या या, पुढे जागा आहे. तर आज फक्त टॅरास्क, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत गोष्ट रंगवायच्या खेळातला महाराक्षस. हा खेळ खेळणाऱ्या ग्रुपमध्ये एक जण तरी असतोच जो आपल्या पात्राची लेव्हल वीस, म्हणजे सगळ्यात वरची, झाली रे झाली की म्हणतो, चला आता टॅरास्क उडवू. आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, तो पण पुस्तक उघडून खुश, कारण 2014 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे राक्षसांच्या पुस्तकात, त्याचे हिट पॉइंट (जीव किती ते) 676, आर्मर क्लास (मार लागणं किती अवघड ते) 25, चॅलेंज रेटिंग (एकूण किती खतरनाक ते) 30, मॅजिक मिसाईल हा जादूचा बाण मारला तर कवचावरून उलटा तुमच्याच अंगावर यायचा चान्स, आणि गिळलं तर पोटात ॲसिड. वाचायला जाम भारी. टेबलावर काय होतं तर विझार्ड, म्हणजे जादूगार, उडायचा फ्लाय मंत्र टाकून वर जाऊन बसतो, याच्याकडे लांबून मारायला काही नाही, संपला खेळ! 2025 च्या पुस्तकात त्याला लांबवर पोचणारी डरकाळी दिली, बरं केलं, पण खरं दुखणं ते नाहीच.

दुखणं हे की आपण त्याला आकड्यांचं पोतं करून टाकलंय. 1983 मध्ये या खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सच्या मॉन्स्टर मॅन्युअल टू मध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा हिट पॉइंट 300 च होते, पण नुसते ते संपवून भागायचं नाही, उणे 30 पर्यंत खाली न्यायचं आणि वर विश स्पेल, म्हणजे इच्छापूर्तीचा मंत्र, टाकायचा, नाहीतर जखमा भरून साहेब परत उभे. हिरण्यकश्यपूचा वर आठवतो ना, तसंच, पळवाट सापडेपर्यंत मरण नाही. पाचव्या एडिशनने, म्हणजे त्या 2014 च्या पुस्तकाने, नेमकं हेच काढलं. का काढलं देव जाणे.

आता मूळ गोष्ट बघा, ती याहून भारी आहे. दक्षिण फ्रान्समध्ये, ऱ्होन नदीच्या काठी तारास्कों नावाचं गाव आहे. तेराव्या शतकातल्या गोल्डन लेजंड या ख्रिस्ती संतकथांच्या पुस्तकात लिहिलंय की तिथे अर्धा पशू अर्धा मासा असा तारास्क नावाचा एक प्राणी होता, बैलापेक्षा जाड, घोड्यापेक्षा लांब, नदीत दडून राहायचा आणि नावा बुडवायचा. सेंट मार्था ही ख्रिस्ती संत तिथे गेली तेव्हा तो रानात माणूस खात होता. तिने तीर्थ शिंपडलं, क्रूस दाखवला, तो मेंढरासारखा गप्प उभा राहिला आणि तिने कमरेचा पट्टा सोडून त्यालाच बांधलं. मारला कुणी? गावकऱ्यांनी, भाले आणि दगड घेऊन, बांधलेल्याला!

आणि मग त्याच गावाने त्याचीच मिरवणूक सुरू केली. 1474 मध्ये त्या भागाचा राजा रेने याने तो उत्सव थाटात मांडला, अवाढव्य तारास्क बनवायचा, आत माणसं शिरून तो चालवायची, शेपटीचा दांडा गर्दीत फिरायचा आणि लोक आपटायचे. युनेस्कोच्या वारशात पण आहे तो.

म्हणून डीएम लोकांना माझं सांगणं, इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईत कोण आधी ते ठरवणारा फासा, लगेच रोल करू नका. क्लेरिकला, म्हणजे पार्टीतल्या पुजाऱ्याला, त्याला बांधू द्या खुशाल, एका चांगल्या रोलवर, सोप्पं. मग गाव येऊ द्या भाले घेऊन, त्यात ज्यांची पोरं गेलीत ती माणसं असू द्या, आणि दोर पार्टीच्या, म्हणजे खेळाडूंच्या टोळीच्या, हातात. आमच्या टेबलावर हे केलं तेव्हा पॅलाडिन (धर्मयोद्धा) आणि रोग (rogue, म्हणजे चोरटा) दोन सेशन भांडत होते, टॅरास्कने एक अटॅकसुद्धा केला नव्हता. चला, प्रश्न घेऊ.