ठिणगी येण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

वणवा म्हटलं की डोळ्यांपुढे ज्वाळांची भिंत उभी राहते. पण बहुतेक घरं पेटतात ती वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्यांनी. सोसाट्याच्या वाऱ्यात त्या आगीच्या पुढे किलोमीटरभर, कधी त्याहूनही लांब जाऊन पडतात. २०१८ साली कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव जळालं. त्या वणव्यात ८५ माणसं गेली. नंतरच्या छायाचित्रांत घरांच्या जागी राख दिसते आणि शेजारीच झाडं उभी, काहींवर पानंसुद्धा शाबूत.

म्हणून सुरुवात जंगलापासून नको, छपरापासून करा. शिडी लावा आणि पावसाच्या पाण्याच्या पन्हळीत हात घालून बघा. हाताला लागलेला पाचोळा मुठीत कुरकुरला, तर ठिणगीला आयतं घरटंच मिळालं म्हणायचं. तो आजच काढा, आणि वणव्याचा मोसम संपेपर्यंत पुनःपुन्हा काढत राहा. छपराखालच्या झरोक्यांना धातूची बारीक जाळी लावा, भोकं तीन मिलिमीटरच्या आतली. प्लास्टिकची जाळी वितळते आणि ठिणग्या थेट माळ्यावर जातात.

मग भिंतीलगतचा दीड मीटर. माझ्या मते सगळ्यात मोलाची जागा हीच. इथे सरपण नको, झुडूप नको, दारातलं काथ्याचं पायपुसणंही नको. नुसती खडी पसरा.

त्यापुढची सगळी झाडं तोडायची का? मुळीच नाही. कॅनडात जंगल मुद्दाम पेटवून लाकडी भिंतींवर प्रयोग झाले, त्यांत दहा मीटरवरच्या काही भिंती पेटल्या, तीस मीटरवरची एकही नाही. तेवढ्या पट्ट्यात झाडं विरळ ठेवा, खालच्या फांद्या छाटा, गवत खुरटं राखा. घर चढावर असेल तर उताराकडची बाजू जास्त जपा, कारण आग चढ चढताना फार वेगाने येते.

एवढं करूनही निघायची वेळ येऊ शकते. औषधं, कागदपत्रं, विजेरी, सुती कपडे, जाड तळव्यांचे बूट यांची पिशवी दाराशी तयार असू द्या. गुरं, कुत्री-मांजरं कशी न्यायची आणि एक रस्ता बंद झाला तर दुसरा कोणता, हे घरातल्या लहानग्यांनाही आजच सांगून ठेवा. सूचना मिळाली की सामानासाठी रेंगाळू नका. खिडक्या-दारं लावा, गॅस बंद करा, आणि बाहेरचा दिवा मात्र चालू ठेवा. दाट धुरात अग्निशमन दलाच्या माणसांना तुमचं घर त्या दिव्यामुळेच सापडेल.