सहा मीटर सोळा

नमस्कार मंडळी. आपल्याकडे शाळेत ज्याला बांबूउडी म्हणायचे ना, तोच हा पोल व्हॉल्ट, आणि ते नाव काही चुकीचं नाही, एके काळी खरंच बांबूच वापरायचे, आता फायबरग्लास आणि कार्बनचे पोल आलेत एवढंच. आज मी बोलणार आहे रनो लाविल्नीबद्दल, आणि तेही मुख्यतः त्याच्या तरुणपणाबद्दल.

जन्म 1986 चा, फ्रान्सच्या शारांत भागातला. वडील स्वतः पोल व्हॉल्टर, धाकटा भाऊ व्हॅलेंतँ पण पुढे त्याच खेळात आला, म्हणजे घरात पोल हा असा आपल्याकडे बॅट असते तसा. पण अंगकाठी बघाल तर उंची फक्त 1.77 मीटर आणि वजन 70 किलोच्या आसपास. या खेळात उंच माणसाला सरळसरळ फायदा असतो, हात वर पोचतो, पोल वरून धरता येतो. मग या पोराने काय केलं? तर धावण्यावर सगळी भिस्त ठेवली. कारण गंमत अशी आहे की तुम्ही धावून जो वेग कमावता तोच पोलमध्ये जाऊन बसतो, पोल वाकतो, आणि सरळ होताना तो वेग तुम्हाला उंचीच्या रूपात परत देतो. पोल जितका कडक तितकी परतफेड मोठी, पण तो वाकवायला वेग पाहिजे, वेग कमी पडला की पोल माणसाला मागे फेकतो, गादीवर नाही, धावपट्टीवर.

शेवटची तीन-चार पावलं एकदा स्लो मोशनमध्ये बघाच. पोलचं टोक खाली येतंय, दोन्ही हात डोक्यावर चाललेत, टोक जमिनीतल्या त्या खाचेत बसतं आणि त्याच क्षणी पाय जमीन सोडतो. इथं बहुतेकांचा वेग नकळत उतरतो, समोर आडवा बार दिसत असतो, माणूस बिचकतो, साहजिक आहे. लाविल्नी बिचकत नाही. मला या माणसाचं वेड लागलं ते इथंच.

2009 साली, बाविसाव्या वर्षी, मार्चमध्ये तुरिनला युरोपियन इनडोअर, म्हणजे बंद हॉलमधली स्पर्धा, जिंकला, जूनमध्ये पोर्तुगालच्या लेइरियात 6.01 मीटर मारली, जाँ गाल्फियोनचा 6.00 चा फ्रेंच रेकॉर्ड गेला. गाल्फियोन म्हणजे 1996 चा ऑलिम्पिक चॅम्पियन हो, साधा माणूस नाही. त्याच वर्षी बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ब्राँझ. मग लंडन 2012. दोन जर्मन, ओटो आणि होल्झडेपे, दोघंही 5.91 पार करून बसलेले, हा 5.91 वर एकदा चुकला, आणि तिथंच घुटमळायचं सोडून सरळ 5.97 मागितली. पार केली, ऑलिम्पिक रेकॉर्ड, सुवर्ण. अशा वेळी अडलेली उंची सोडून वरची मागायला छाती लागते.

पण खरी गोष्ट युक्रेनमधल्या दोनेत्स्कची. युक्रेनचाच महान व्हॉल्टर सर्गेई बुबका, त्याने 21 फेब्रुवारी 1993 ला तिथं 6.15 मारली होती, 21 वर्षं तो इनडोअर रेकॉर्ड कुणाला हलवता आला नव्हता. 15 फेब्रुवारी 2014, तेच शहर, बुबका स्वतः हॉलमध्ये हजर, आणि लाविल्नीने 6.16 लावायला सांगितली. पहिल्याच प्रयत्नात पार! एक सेंटीमीटर, मंडळी, करंगळीच्या पेराहून कमी, पण त्यासाठी 21 वर्षं गेली. गादीवर पडल्यावर त्याचा चेहरा बघा, स्वतःलाच खरं वाटत नाहीये. आणि बुबकाने येऊन त्याचं अभिनंदन केलं, स्वतःच्या गावात स्वतःचा रेकॉर्ड मोडणाऱ्याचं, हे मला फार मोठं वाटतं.

आणि मग पठ्ठ्याने काय मागितलं? 6.21! त्या प्रयत्नात पायाला जखम झाली, टाके पडले, पुढच्याच महिन्यातली सोपोटची वर्ल्ड इनडोअर हुकली. लोक म्हणतील कशाला हवा होता हट्ट. मी म्हणतो, बिचकला असता तर 6.16 पण झाली नसती, तो माणूस एकच आहे.

आउटडोअर वर्ल्डचं सुवर्ण मात्र त्याला कधीच मिळालं नाही, चार ब्राँझ, एक सिल्व्हर, आणि रिओ 2016 ला प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, मेडल घेताना तो रडला. ते मला आजही बघवत नाही.

2020 च्या फेब्रुवारीत स्वीडनच्या तरुण डुप्लांटिसने 6.17 मारून रेकॉर्ड नेला, ज्या लाविल्नीला बघत बघत तो मोठा झाला त्याचाच. मे महिन्यात सगळं जग घरात कोंडलेलं, तेव्हा लाविल्नी फ्रान्समधल्या घरामागच्या बागेत, डुप्लांटिस आणि अमेरिकन व्हॉल्टर सॅम केंड्रिक्स तिकडे अमेरिकेत, अर्ध्या तासात 5 मीटर कोण जास्त वेळा पार करतो अशी ऑनलाइन लढत लावली. केंड्रिक्स 26. डुप्लांटिस 36. आणि हा, तेहेतीस वर्षांचा, त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठा, तोही 36.