सोळा दिवसांवर शर्यत

[दृश्य: पहाटेचे साडेचार. पलंगाच्या कडेवर बसलेली धावपटू, हातात पायमोजा.]

डाव्या पायात मोजा चढवण्यासाठी गुडघा छातीकडे ओढावा लागतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या त्या पहाटे तो ओढताना माझ्या जांघेच्या आत, अगदी खोलवर, कोणीतरी बोट दाबून धरावे तसे दुखले. मी पाय खाली सोडला, थोडी थांबले, पुन्हा प्रयत्न केला आणि शेवटी पाय मागे दुमडून, आरशात न पाहता वेणी घालावी तसा, अंदाजानेच मोजा चढवला. त्यानंतर मी अठरा किलोमीटर धावले. पहिल्या चार किलोमीटरनंतर दुखणे मंदावले आणि एवढ्यावरून मी स्वतःची समजूत घातली की, जे धावता धावता कमी होते ते फार गंभीर असू शकत नाही.

मी ठाण्यात राहते आणि माझे वय ४३ आहे. मुंबई मॅरेथॉन २००४ साली पहिल्यांदा झाली तेव्हा मी शिक्षण संपवून नोकरी शोधत होते. आपण कधी या शर्यतीत उतरू असे तेव्हा मनातही आले नव्हते. पुढे उपवन तलावाभोवतीच्या फेऱ्यांपासून सुरुवात झाली, मग येऊरचा चढ, मग दोन अर्धमॅरेथॉन, आणि या वर्षी प्रथमच पूर्ण अंतर, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. बिब, म्हणजे छातीवर लावायचा शर्यतीचा क्रमांक, मिळण्याआधीच मी घरच्यांना पेडर रोडच्या चढावर कुठे उभे राहायचे ते सांगून ठेवले होते, कारण परतीच्या वाटेवर पाय जड झालेले असताना तो चढ लागतो आणि तिथे ओळखीचा चेहरा दिसावा अशी माझी इच्छा होती.

शर्यत सोळा दिवसांवर असताना दुखणे धावण्यापुरते राहिले नाही. गाडीतून उतरताना, जिना चढताना आणि रात्री कुशीवर वळताना ते जाणवू लागले. धावण्याच्या गटात मी ते बोलून दाखवले आणि सल्ले आले. ते सगळे आपुलकीचे होते. कोणी तेल लावून मालिश करायला सांगितले, कोणी शर्यतीच्या सकाळी घ्यायच्या गोळीचे नाव सांगितले, आणि एका ज्येष्ठ धावपटूंनी म्हटले, "मॅडम, लंगडी घालून बघा. दहा वेळा घालता आली तर बिनधास्त पळा." त्याच संध्याकाळी इमारतीच्या जिन्याच्या चौकात, भिंतीला हात टेकून, मी डाव्या पायावर लंगडी घातली. तिसऱ्या उडीला जांघेत कळ आली, तरी मी अकरा उड्या मोजल्या आणि परीक्षेत पास झाल्यासारखी घरात आले.

एका पायावर उडी मारून दुखणे तपासण्याची पद्धत डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट खरोखरच वापरतात, परंतु खुब्याच्या हाडाला चीर असल्याची शंका आली की ते ही चाचणी टाळतात, कारण चीर असेल तर ती रुंदावण्याची शक्यता त्या उड्यांमध्येच असते. हे मला नंतर समजले. जिन्याच्या चौकातल्या त्या अकरा उड्यांची आठवण झाली की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

[दृश्य: एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरलेली.]

ज्या पहिल्या दवाखान्यात मी गेले, तिथे एक्स-रे काढण्यात आला आणि तो नॉर्मल असल्याचे सांगण्यात आले. स्नायू ताणला गेला आहे, पाच दिवस गोळ्या घ्या आणि सोसेल तेवढे पळा, असा सल्ला मिळाला. मला हवे होते तेच उत्तर मिळाल्यामुळे मी एकही प्रश्न विचारला नाही. या निवेदनात मला सर्वांत कळकळीने सांगायची गोष्ट हीच आहे: वारंवार पडणाऱ्या ताणामुळे हाडाला गेलेली चीर सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेमध्ये बहुधा दिसतच नाही. हाडाच्या आत आलेली सूज एमआरआयमध्ये दिसते. त्यामुळे लांब पल्ल्याचे धावणाऱ्या व्यक्तीच्या जांघेत खोल दुखत असेल, वजन टाकल्यावर ते वाढत असेल आणि रात्रीही जाणवत असेल, तर निर्दोष एक्स-रेवर विसंबून शर्यतीचा निर्णय घेता येत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांकडे मला माझ्या बहिणीने नेले. त्यांनी मला उताणे झोपवले, गुडघा वाकवून पाय आतल्या बाजूला फिरवला आणि माझा चेहरा पाहून तिथेच हात थांबवला. शर्यत कधी आहे हे त्यांनी विचारले, पण पळायचे की नाही यावर त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. "आधी कुठे दुखते आहे ते पाहू," एवढेच ते म्हणाले, आणि एमआरआयची चिठ्ठी देताना अहवाल येईपर्यंत एक पाऊलही धावायचे नाही, असे त्यांनी बजावले.

अहवालात मांडीच्या हाडाच्या मानेला चीर असल्याचे निघाले. मांडीचे हाड वर जाऊन आतल्या बाजूला वळते आणि एका गोल डोक्याने कमरेच्या खोबणीत बसते. ते डोके आणि उरलेले लांब हाड यांना जोडणारा तिरका भाग म्हणजे ही मान. डॉक्टरांनी टेबलावरच्या कागदावर भिंतीत ठोकलेली एक खुंटी काढली. खुंटीच्या टोकाला जड पिशवी अडकवली की तिची वरची बाजू ताणली जाते आणि खालची बाजू दाबली जाते; हाडाच्या मानेचेही तसेच आहे. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच ते तीन पट भार येतो आणि धावताना त्याहून बराच जास्त. चीर खालच्या, म्हणजे दाबल्या जाणाऱ्या बाजूला असेल आणि ती लहान असेल, तर प्रत्येक पावलागणिक तिच्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात, म्हणून कुबड्या आणि विश्रांती यांवर ती बहुतेकदा भरून येते. तीच चीर वरच्या बाजूला असेल तर प्रत्येक पाऊल तिला उघडू पाहते, ओली फांदी वाकवल्यावर वरची साल फाटत जावी तसे. अशा रुग्णांना अनेकदा ताबडतोब स्क्रू घालून हाड स्थिर करावे लागते. दुर्लक्ष झाले आणि हाड जागेवरून सरकले, तर डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या तुटू शकतात, ते डोके मृत होऊ शकते आणि ऐन उमेदीच्या वयात कृत्रिम सांधा बसवण्याची वेळ येऊ शकते.

माझी चीर खालच्या बाजूला होती. डॉक्टरांनी कागदावरच्या खुंटीच्या पोटाला पेनाने एक बारीक रेघ मारली आणि तो कागद माझ्याकडे सरकवला. तो मी अजून जपून ठेवला आहे.

चीर का पडली, हे विचारताना मला बुटांवर खापर फोडायचे होते. डॉक्टरांनी मात्र माझी डायरी मागितली. पाच आठवड्यांत मी आठवड्याचे अंतर ४० किलोमीटरवरून ६५ वर नेले होते आणि त्यात येऊरचा उतारही भरपूर होता. हाड म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. ताण पडला की आधी जुना थर खरवडून काढला जातो आणि मग नवा भरला जातो, पण भरण्याचे काम खरवडण्याच्या मागे काही आठवडे रेंगाळते. नेमक्या त्याच काळात आपल्याला दमसास वाढल्यासारखा वाटतो आणि आपण आणखी अंतर वाढवतो. त्यांनी माझ्या आहाराची आणि पाळीचीही चौकशी केली. मागच्या तीन महिन्यांत माझी पाळी दोनदा चुकली होती आणि मी ते वयाच्या खात्यावर टाकून मोकळी झाले होते. धावण्यात खर्च होणारी ऊर्जा अन्नातून भरून निघाली नाही, तर शरीर संप्रेरकांमध्ये काटकसर करते आणि हाडे कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन तिची दखल घेतली आणि ती पुरुषांतही आढळते हे स्पष्ट केले. पहाटे चहावर निघायचे, पळून यायचे, डबे भरायचे आणि नऊची लोकल पकडायची, या माझ्या दिनक्रमात पोटभर नाश्त्याला जागाच नव्हती. रक्ततपासणीत ड जीवनसत्त्वही कमी निघाले.

[दृश्य: रात्र. स्वयंपाकघरातले टेबल, त्यावर बिबची पावती आणि एमआरआयचे पाकीट.]

वाचणाऱ्याला वाटेल की अहवालानंतर निर्णय घेण्यासारखे उरले काय होते. तरीही मला दोन रात्री लागल्या, आणि ते मी लपवणार नाही. डॉक्टरांनी नको म्हटले होते, पण सकाळी उठल्यावर दुखणे थोडे कमी वाटले की मन पुन्हा हिशेब मांडू लागे: सावकाश गेले तर, चढावर चालले तर, अर्ध्यावर सोडून दिले तर. म्हणून मी प्रत्येक हिशेब कागदावर उतरवला. मॅरेथॉनमध्ये साधारण चाळीस हजार पावले पडतात, म्हणजे डाव्या खुब्यावर वीस हजार. वेग कमी केला की प्रत्येक पावलाचा भार थोडा कमी होतो, पण पावलांची संख्या वाढते. अर्ध्यावर सोडायचे ठरवले, तर सी लिंकवर वारा अंगावर घेत पळताना आणि दोन्ही बाजूंनी माणसे ओरडत असताना आपण खरोखर थांबू का, याचे प्रामाणिक उत्तर मला ठाऊक होते. गोळीचा पर्याय मी सर्वांत आधी खोडला. वेदनाशामक गोळी चिरेचे काहीच करत नाही, ती फक्त इशारा बंद करते, आणि शरीरातले पाणी कमी झालेले असताना घेतलेल्या अशा गोळ्या मूत्रपिंडालाही इजा करू शकतात.

त्या रात्री मी मोठ्या धावपटूंच्या हकिकती वाचत बसले. मेब केफ्लेझिघी हा २००४ च्या अथेन्स ऑलिंपिक मॅरेथॉनमधला रौप्यपदक विजेता. ३ नोव्हेंबर २००७ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अमेरिकेची ऑलिंपिक निवड शर्यत झाली तेव्हा त्याचा खुबा दुखत होता, तरीही तो शेवटपर्यंत पळाला आणि आठवा आला. निवड पहिल्या तिघांची होती. त्याच शर्यतीत त्याचा मित्र रायन शे कोसळला आणि मरण पावला. पुढे मेबला साधे चालताही येईना, आणि खुब्याच्या हाडाला चीर असल्याचे निदान झाले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये तो नव्हता. दुसरी हकिकत ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफची. २००८ च्या वसंतात तिच्या डाव्या मांडीच्या हाडाला चीर गेली होती. ऑगस्टमध्ये ती बीजिंगला धावली, पण पुरेशी तयारी नसताना, आणि अखेरीस लंगडत २३ वी आली. वेळ २ तास ३२ मिनिटे ३८ सेकंद, तर तिच्याच नावावरचा तेव्हाचा विश्वविक्रम २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा.

या दोघांकडे आयुष्यात चार वर्षांतून एकदा येणारी शर्यत होती, देशाचा गणवेश होता आणि सोबत तज्ज्ञांचे पथक होते. त्यांच्या निर्णयाला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण माझी शर्यत दर जानेवारीत होते. दोघांच्या हकिकतींचा पुढचा भागही मी वाचला. रॅडक्लिफने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. मेबने २००९ मध्ये न्यूयॉर्क जिंकली आणि २०१४ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, बोस्टन. हाड नीट भरून आल्यावरच त्यांना ते शक्य झाले, आणि माझे हाड कोणत्या बाजूने चिरले आहे हे मला कागदावर रेघ मारून दाखवलेले होते.

खुब्याचे प्रत्येक दुखणे शर्यत सोडायला लावते असे मात्र कोणी समजू नये. दुखणे बाहेरच्या बाजूला, हाताला लागणाऱ्या टणक उंचवट्यावर असेल आणि त्या कुशीवर झोपल्यावर वाढत असेल, तर ते पुष्कळदा नितंबाच्या स्नायूंच्या कंडरांचे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांचे, असते. तपासणी करून, सराव कमी करून आणि स्नायूंना बळ देणारे व्यायाम करून अनेक जण त्यासह शर्यत पूर्ण करतात. तसे निदान झाले असते तर मीही डॉक्टरांशी घासाघीस केली असती. बाहेरची बाजू की जांघ, कंडरा की हाड, वरची बाजू की खालची, हे समजण्याआधी जिद्दीचा विषय काढणे मला आता अन्यायाचे वाटते, कारण त्यात घाबरट ठरण्याच्या भीतीने माणूस तपासणीच टाळतो.

तिसऱ्या सकाळी मी गटावर लिहिले की मी धावणार नाही. नवऱ्याने कुबड्या आणल्या आणि त्यांची उंची माझ्या मापाने लावून दिली. शर्यतीच्या रविवारी मी घरीच होते.

[दृश्य: उपवन तलावाकाठचा रस्ता, पहाट.]

कुबड्या सहा आठवडे राहिल्या. मग एक, मग एकही नाही, मग तरणतलाव, मग सायकल. पहाटे निघण्याआधी आता मी भाकरी आणि अंडे खाते. हाड भरल्याची खात्री डॉक्टरांनी करून घेतल्यानंतर चौथ्या महिन्यात पहिली परवानगी मिळाली ती एक मिनिट धावण्याची आणि चार मिनिटे चालण्याची, असे पाच वेळा, एक दिवसाआड.

त्या पाच मिनिटांच्या दुसऱ्या आठवड्यात, लंगडीचा सल्ला देणारे ते ज्येष्ठ धावपटू मला तलावाकाठच्या बाकावर बसलेले दिसले. दोन आठवड्यांपासून जांघेत दुखते आहे आणि सातारची शर्यत जवळ आली आहे, असे ते म्हणाले. लंगडी घालून पाहिली का, असे मी विचारले, तेव्हा "अजून नाही," असे म्हणून ते उठून उभे राहू लागले. मी त्यांचा हात धरून त्यांना बसवले आणि बाकावर बसूनच डॉक्टरांना फोन लावला. मंगळवारी साडेचारची वेळ मिळाली आहे. काकांनी गाडी चालवायची नाही, मी त्यांना घेऊन जाणार आहे.