नळीतला खडा

(दृश्य: मिरज जंक्शन, सकाळ. फलाटावर उतरणारी माणसं.)

मिरजेला उतरणाऱ्या बऱ्याच माणसांच्या हातात कपड्यांच्या पिशवीसोबत एक्स-रेचं मोठं पाकीट असतं. जत, सांगोला, अथणी, विजयपूर, कुठून कुठून लोक येतात. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासूनची ही वहिवाट. वॉर्डात मराठीच्या जोडीनं कन्नडही ऐकू येतं.

आज ज्या आजींसोबत आपण चाललोय, त्या जत तालुक्यातल्या. डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाला मातकट पांढरी, अंगाला नुसती खाज. गावात आधी काविळीची माळ घातली, नाकात थेंब टाकले, तेल-तूप बंद केलं. विषाणूमुळं लिव्हरला सूज येऊन झालेली कावीळ बऱ्याचदा आपसूक ओसरते आणि श्रेय माळेला जातं. आजींची कावीळ त्यातली नव्हती. एका रात्री पोटात कळ आली, हुडहुडी भरून ताप चढला, आणि मुलानं गाडी केली. हे त्यानं बरं केलं. कावीळ, पोटदुखी आणि थंडीताप एकत्र आले की पित्ताच्या नळीत जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता मोठी, आणि तिथं तासांचा हिशोब असतो.

(दृश्य: डॉक्टर कागदावर आकृती काढतात.)

लिव्हरमध्ये रोज अर्ध्या लिटरहून जास्त पित्त तयार होतं. थोडं पित्ताशयात साठतं, बाकीचं पित्तनलिकेतून लहान आतड्यात उतरतं. ही नळी जेमतेम सहा-सात मिलिमीटर रुंद. स्वादुपिंडाची नळीही तिथंच येते, आणि बहुतेकांत दोघी एकाच बारीक उंचवट्यातून आतड्यात उघडतात. पाटाच्या तोंडाशी धोंडा बसला की पाणी मागं तुंबतं, तसं पित्ताशयातून सरकलेल्या खड्यानं आजींचं पित्त तुंबलं आणि रक्तात चढलं. खडा अगदी तोंडाशी बसला, तर स्वादुपिंडालाही सूज येते.

सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे आणि फुगलेली नळी दिसली. नळीचं खालचं टोक मात्र आतड्यातल्या वायूआड लपलं. म्हणून एमआरसीपी, म्हणजे पित्ताच्या नळ्यांचं चित्र काढणारी तपासणी झाली. ती एमआरआयच्याच मशीनवर होते, तोंडातून काही घालावं लागत नाही. खडा तिथं दिसला, आणि मगच ईआरसीपी ठरली, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीपर्यंत पोचायचं आणि खडा काढायचा.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९६८ मध्ये अमेरिकेत ईआरसीपीच्या तंत्राचा पहिला अहवाल आला, तेव्हा नळीत डोकावणं हाच हेतू होता. १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमधल्या डॉक्टरांनी नळीचं तोंड आतूनच कापून मोठं करून दाखवलं, आणि तिथून ईआरसीपी हळूहळू उपचाराकडं वळली. आता नुसतं बघायचं काम एमआरसीपी किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी (दुर्बिणीच्या टोकावरून होणारी सोनोग्राफी) करते. तेव्हा डॉक्टरांना खुशाल विचारा, आत जाऊन काय करणार आहात? ‘बघून घेऊ’ एवढंच उत्तर मिळालं, तर तेच एमआरसीपीत दिसणार नाही का, हेही विचारा. यात उद्धटपणा काही नाही.

(दृश्य: प्रोसिजर रूम. सगळ्यांच्या अंगावर लेड ॲप्रन.)

आजी रात्रीपासून उपाशी आहेत. कवळी काढून मुलाकडं दिलीय. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, साखरेची औषधं, ॲलर्जी, सगळं आधीच विचारून झालंय. भूलतज्ज्ञ झोपेचं औषध देतात, आजींना पालथं झोपवतात. या दुर्बिणीचा कॅमेरा टोकाला समोर नसतो, बाजूला असतो, कारण तो उंचवटा आतड्याच्या बाजूच्या भिंतीवर आहे. त्याच्या तोंडातून बारीक तार आत सरकते. रंगद्रव्य सोडलं की एक्स-रेच्या पडद्यावर नळी उमटते आणि खडा ठिपक्यासारखा उठून दिसतो; काळा की पांढरा, ते मशीनच्या सेटिंगवर. मग करंटनं छोटा छेद, फुग्यानं खडा खाली ओढणं. तो आतड्यात पडतो आणि शौचावाटे निघून जातो. पोटावर टाका नाही.

पण टाका नाही म्हणून हे किरकोळ समजू नये. नळीचं तोंड सुजलं की स्वादुपिंडाचा रस अडतो आणि तिथं दाह होतो. शंभरात साधारण तीन ते दहा जणांना हा त्रास होतो. बहुतेक सलाइन आणि औषधांवर बरे होतात, काहींचं मात्र गंभीर होतं. तो टाळायला डायक्लोफिनॅक किंवा इंडोमेथासिनची गोळी गुदद्वारातून ठेवतात. लाजून नको म्हणू नये. रक्तस्राव, आतड्याला छिद्र हे त्याहून कमी, पण होतं. संमतीपत्र आपल्या भाषेत वाचून घ्यावं, मगच अंगठा. घरी गेल्यावर पोटात कळ येऊन पाठीकडं गेली, उलट्या, ताप किंवा काळी शौच झाली, तर लगेच परत यायचं.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपलं बसतं का, ते आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला, दाखल होतानाच विचारावं.

पित्ताशयात अजून खडे आहेत. पित्ताशयच दुर्बिणीच्या ऑपरेशननं काढायचं, नाहीतर पुन्हा एखादा नळीत उतरेल. शिवाय नळीत पू होता, म्हणून डॉक्टरांनी प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे पित्त वाहतं ठेवणारी बारीक नळी, आत ठेवलाय. खरी काळजी इथं. कावीळ उतरते, भूक लागते, माणूस स्टेंट विसरतो. घर ऊसतोडीला गेलं तर हंगाम संपेपर्यंत कुणी परतत नाही. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढायचा किंवा बदलायचा असतो. राहिला तर तोच तुंबतो, आणि पुन्हा तीच हुडहुडी.

(दृश्य: डिस्चार्ज काउंटर.)

सिस्टर कार्डावर तारीख लिहितात. मुलगा ती मोबाइलमध्ये टाकतो. स्टेंट काढायला साध्या दुर्बिणीनं बहुधा काही मिनिटं पुरतात. पण त्या दिवशीही उपाशीपोटीच यायचं, आणि सोबत आणलेली भाकरी काम झाल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सोडायची.