केमो, कोर्ट आणि सासूबाई
(वडोदऱ्यातल्या एका महिला मंडळात झालेलं बोलणं, थोडं नीट करून)

नमस्कार. ओळख करून देताना ताई म्हणाल्या की मी फार खंबीर आहे. त्यांनी प्रेमाने म्हटलंय, कळतं मला, पण खरं सांगू का, आजारपणात आणि त्यानंतर नवरा फसवतोय हे कळल्यावर "तू किती खंबीर आहेस" हे वाक्य मला सगळ्यात जास्त थकवायचं, कारण म्हणणारं माणूस तेवढं म्हणून घरी जायचं आणि खंबीर राहायचं काम मी एकटी करत बसायची. त्यामुळे ताकद आतून कशी येते वगैरे मी आज बोलणार नाहीये. माझ्याकडे ती बाहेरून आली, माणसांकडून आली, कागदपत्रांतून आली, आणि खूप उशिरा कधीतरी आत मुरली.

मला स्तनाचा कॅन्सर होता. ऑपरेशन झालं, मग केमो, दर एकवीस दिवसांनी. ते लाल औषध ज्यांनी घेतलंय त्यांना माहितीये, लघवीसुद्धा लाल होते आणि पहिल्यांदा बघितलं की पोटात गोळा येतो, पण तो औषधाचाच रंग असतो, त्याला घाबरायचं नाही. घाबरायचं ते तापाला. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट नाही बघायची, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. हे ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांनी प्लीज लक्षात ठेवा.

तर अशाच पेशी उतरलेल्या एका आठवड्यात मला ते मेसेज दिसले. औषधांचं पेमेंट करायचं होतं, ओटीपी त्याच्या फोनवर येणार होता म्हणून फोन माझ्याजवळ होता. मेसेजमध्ये काय होतं ते नाही सांगत, ते माझ्यापुरतं राहू दे. पण एवढं सांगते की ते प्रकरण माझ्या आजाराच्या आधीपासूनचं होतं, आणि हे कळणं मला फार गरजेचं होतं, कारण अशा वेळी बाईच्या मनात पहिला विचार काय येतो? केस गेले, एक बाजू सपाट झाली, म्हणून गेला. नंतर माझ्या वाचनात आलं की २००९ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता, ५१५ पेशंट, कॅन्सर, मेंदूचा ट्यूमर, मल्टिपल स्क्लेरोसिस असे मोठे आजार. त्यात बायको आजारी असेल तर वेगळं होण्याचं प्रमाण २०.८ टक्के आणि नवरा आजारी असेल तर २.९ टक्के. मी तो आकडा वाचून रडले, आणि मग मला बरं वाटलं. म्हणजे हे माझ्या शरीरात काहीतरी कमी होतं म्हणून झालेलं नाही, इथे आणखी कितीतरी बायका उभ्या आहेत.

आता सासूबाई. त्या आमच्याबरोबरच राहायच्या. त्यांना मी सांगितलं नव्हतं, माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं आणि मग मला थांबवताच आलं नाही. त्या काही बोलल्या नाहीत बराच वेळ. मग म्हणाल्या, "आधी औषध पूर्ण करायचं, एकही केमो चुकवायची नाही. आणि कशावर सही करू नकोस." मुलाला त्यांनी स्पष्ट सांगितलं की तिने बोलावल्याशिवाय तिच्या खोलीत जायचं नाही. तोंडात फोड आले होते माझ्या, तर मऊ भात आणि मुगाचं कढण घेऊन त्या दारात उभ्या राहायच्या, आत यायच्या नाहीत, त्यांना जरा सर्दी असायची ना, मला लागेल म्हणून.

वकिलांकडे पण त्याच घेऊन गेल्या, रिक्षाने. तिथे कळलं की २०१८ पासून व्यभिचार हा गुन्हा राहिलेला नाही, पण घटस्फोटाचं कारण म्हणून तो हिंदू विवाह कायद्यात आहेच. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने राहत्या घरात राहायचा हक्क आहे, घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी मागता येतो. सरकारी मोफत वकील कुठल्याही बाईला मिळतो, तिची कमाई किती ते बघत नाहीत. आणि एक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती, मेडिक्लेम! फॅमिली पॉलिसी नवऱ्याच्या नावाची असेल तर घटस्फोटानंतर बायको त्यातून बाहेर, आणि कॅन्सर होऊन गेलेल्या बाईला नवीन पॉलिसी मिळणं महाकठीण, म्हणून कागद करायच्या आधीच आपली पॉलिसी वेगळी करून घेता येईल का ते कंपनीला लेखी विचारायचं. त्याच आठवड्यात सासूबाईंनी लॉकरमधून माझ्या पाटल्या काढून माझ्या हातात दिल्या, हे तुझं स्त्रीधन, तुझ्याच नावाच्या लॉकरमध्ये ठेव म्हणाल्या.

एक आत्या आल्या होत्या समजवायला. आपल्या घराण्यात कोणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही, वगैरे. सासूबाई म्हणाल्या, "महाराजांनी १९३१ सालीच बडोद्यात घटस्फोटाचा कायदा केला, तो काय दुसऱ्यांच्या घराण्यांसाठी केला होता?" बाकी देशात सगळीकडे हिंदू विवाह कायदा यायला १९५५ उजाडलं, आणि आपण इथे सयाजीरावांच्या गावात राहून लेकीसुनांना कोर्टाच्या पायरीची भीती घालतो, मला अजून त्याचं फार वाईट वाटतं. सासूबाईंची एक मावशी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात शिवण शिकून पायावर उभी राहिली होती, तिची गोष्ट त्यांनी मला त्याच रात्री सांगितली.

माझं रेडिएशन चालू होतं तेव्हा त्या गेल्या. झोपेतच.

हे दुःख कसं सांगू. नवऱ्याचं दुःख मला करता येत नव्हतं, कारण तो जिवंत होता, दुसऱ्या घरी होता, आणि माणूस जिवंत असताना भेटायला कोण येणार? पण सासूबाईंचं करता आलं. तेराव्यापर्यंत लोक येत होते, माझ्याजवळ बसत होते, आणि मी दोन्हीचं एकदमच रडून घेतलं. त्याच्याशी मी त्या दिवसांत फक्त विधींपुरतं बोलले. त्याला माफ केलं का असं मला विचारतात. नाही केलं, आणि मी नीट झोपते, चेकअपला वेळेवर जाते, नोकरी करते. माफ केल्याशिवाय बरं होता येत नाही हे बायकांना सांगणं बंद करा असं माझं कळकळीचं म्हणणं आहे, आधीच तिच्या डोक्यावर काय कमी आहे.

पुढे काही महिने सकाळी उठवायचंच नाही मला. तेव्हा मी टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन केला, १४४१६, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. घरात मारहाण, धमकी असेल तर आपल्या गुजरातमध्ये १८१ अभयम ही बायकांसाठीची हेल्पलाइन आहे, त्यांची गाडी घरी येते.

बरं, वेळ होत आलाय. वकीलबाई आज माझ्याबरोबर आल्यात, शेवटच्या रांगेत निळ्या साडीत बसल्यात. सगळ्यांसमोर विचारायचं नसेल तर चहाच्या वेळी त्यांच्याजवळ जा, त्या नाव विचारत नाहीत. मेडिक्लेमचे कागद कोणी आणले असतील तर माझ्याकडे या, मी इथेच आहे सातपर्यंत.