नैरोबीतली जीवनजींची बाग

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी सांगणार आहे अलीभाई मुल्ला जीवनजी यांच्याबद्दल. आपल्याकडे हे नाव फारसं कानावर पडत नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेत, मोंबासापासून नैरोबीपर्यंत, या नावाचा मोठा दबदबा होता. आगबोटी त्यांच्या, बाजार त्यांनी उभारलेला, ठेके त्यांचे.

जन्म १८५६ चा, कराचीतला. साधं दाऊदी बोहरा घर, शिक्षण जेमतेम. तरुणपणीच घराबाहेर पडले, हिंदुस्थानात भटकले आणि तिथून थेट ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला पोचले. तिथं व्यापारात चार पैसे गाठीला बांधले आणि १८९० मध्ये मोंबासाला आले. लक्षात ठेवा, १८९०. कारण सहाच वर्षांनी, १८९६ मध्ये, इंग्रजांनी मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे टाकायला घेतली आणि जीवनजींचं नशीब फळफळलं.

या रेल्वेसाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर गेले, बहुतेक पंजाबातले. मजूर आणायचे, त्यांना शिधा पुरवायचा, असे ठेके जीवनजींना मिळाले. रानात तंबू ठोकून राहणाऱ्या हजारो माणसांना रोज पीठ, डाळ, तांदूळ, तूप पोचवायचं! घरात चार पाहुणे वाढले तर आपली काय धावपळ होते, ते तुम्हाला मी सांगायला नको. या रेल्वेची गोष्ट निघाली की सगळे त्सावोच्या नरभक्षक सिंहांचीच गोष्ट सांगतात. सिंहांनी माणसं खाल्ली, खरं आहे. पण त्या कामावर सुमारे अडीच हजार मजूर दगावले, आणि त्यातले सिंहांपेक्षा कितीतरी अधिक तापानं, हगवणीनं, अपघातानं गेले. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. जीवनजींची श्रीमंती याच माणसांच्या घामावर उभी राहिली, हेही सांगितलं पाहिजे.

पुढं नैरोबी वसलं. १८९९ मध्ये तिथं दलदलीत रेल्वेचा तळ पडला आणि त्याचं शहर झालं. त्या शहरातल्या सुरुवातीच्या कितीतरी इमारती जीवनजींनी बांधल्या. १९०२ मध्ये मोंबासात त्यांनी एक वर्तमानपत्रही काढलं, 'आफ्रिकन स्टँडर्ड'. तीनेक वर्षांत ते विकलं. ते गोऱ्यांच्या हातात गेलं आणि गोऱ्या वसाहतवाल्यांचीच बाजू मांडू लागलं. आज केनियात जे 'स्टँडर्ड' निघतं, त्याचं मूळ ते हेच. वर्तमानपत्र सुरू करणं एक वेळ सोपं, ते हातात टिकवून ठेवणं अवघड, असं माझं ठाम मत आहे.

१९१० च्या सुमारास ते तिथल्या विधिमंडळात बसले. त्या सभागृहातले पहिले बिगरगोरे सदस्य. पुढं याच मंडळात विष्णू विनायक फडके हे मराठी नावाचे सदस्यही आले. हायलँड्समधली, म्हणजे पठारावरची, सुपीक जमीन फक्त गोऱ्यांसाठी राखून ठेवण्याविरुद्ध जीवनजी लंडनपर्यंत जाऊन बोलले. जमीन मात्र गोऱ्यांकडेच राहिली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. गोष्ट आहे एका बागेची.

नैरोबीच्या ऐन मध्यावर सुमारे पाच एकरांची एक बाग आहे. जीवनजी गार्डन्स. ही जागा जीवनजींनी स्वतः तयार करून शहरातल्या लोकांना देऊन टाकली. पाच एकर, शहराच्या मध्यावर, देऊन टाकली! तिथं व्हिक्टोरिया राणीचा पुतळा बसवला आणि १९०६ मध्ये राणीचाच मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, याच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. जीवनजी १९३६ मध्ये वारले. तोवर पैसा बराचसा गेला होता. आगबोटीही गेल्या होत्या. बाग राहिली.

आणि मग आलं १९९१ साल. नैरोबीच्या पालिकेनं ठरवलं की या बागेत बहुमजली वाहनतळ बांधायचा. श्रोतेहो, त्या वेळी केनियात अध्यक्ष मोई यांची एकपक्षीय राजवट होती. सरकारी योजनेविरुद्ध बोलायचं म्हणजे तुरुंगाची तयारी ठेवायची. दोनच वर्षांपूर्वी नैरोबीतल्याच उहुरू पार्क या बागेत साठ मजली टॉवर उभा करायचा घाट घातला गेला होता. झाडं-बागा वाचवण्यासाठी लढणाऱ्या वंगारी माथाई या बाईंनी त्याला विरोध केला, तेव्हा त्यांना नाही नाही ते बोललं गेलं. पण टॉवर झाला नाही!

जीवनजी गार्डन्सच्या वेळी पुढं आल्या झरीना पटेल, जीवनजींची नात. आजोबांनी लोकांना दिलेली जागा आहे, ती लोकांचीच राहिली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांनी सह्या गोळा केल्या. वंगारी माथाई पाठीशी उभ्या राहिल्या. आणि सह्या करणारे कोण? त्याच बागेत दुपारी येणारे लोक. हॉटेलात जेवणं परवडत नाही म्हणून कागदात बांधून आणलेलं गवतावर बसून खाणारे, काम शोधत फिरणारे, बाकावर घटकाभर पडणारे. शहरात पैसे न देता बसता येईल अशी जागा ज्यांना दुसरीकडे नव्हती, असे लोक.

वाहनतळ झाला नाही. पालिकेला योजना गुंडाळावी लागली. पुन्हा सांगतो, एकपक्षीय राजवटीत, सह्यांच्या जोरावर, पाच एकरांची बाग वाचली.

आपल्याकडेही मोकळं मैदान दिसलं की कुणाला तरी तिथं गाड्या लावायच्या असतात. गाड्यांना जागा हवी, मान्य. पण म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना आधी हवी, असं मी म्हणेन, आणि या मुद्द्यावर कुणाशीही वाद घालायची माझी तयारी आहे.

झरीनाबाई तिथंच थांबल्या नाहीत. बाग वाचल्यावर त्यांनी आजोबांचं चरित्र लिहायला घेतलं आणि १९९७ मध्ये ते छापून आलं. व्हिक्टोरिया राणीचा पुतळा मात्र २०१५ मध्ये कुणीतरी पाडला. राणीचं मुंडकं तुटलं. बागेत लोक आजही येतात. दुपारी तिथं उभं राहून मोठ्या आवाजात धर्मोपदेश करणारेही पुष्कळ, आणि भोवती ऐकणाऱ्यांचं कोंडाळं असतं.

वेळ संपत आली. पुढच्या भाषणात अलिदिना विश्राम यांच्याबद्दल बोलू. कच्छातल्या केरा गावचा हा मुलगा कोवळ्या वयात झांझिबारला गेला आणि पुढं रेल्वेच्या कडेकडेनं त्यानं युगांडापर्यंत दुकानं उघडली. जरूर ऐका. नमस्कार.